पोकलेन-जेसीबीत माती-कचरा साठू नये, आणि साफसफाईत अर्धा दिवसही जाऊ नये, त्यासाठी काय काय करायचं

नवीन मशीन आलं की बरेच मालक पहिल्या महिन्यातच वेल्डरला बोलावतात आणि जिथं जिथं फट दिसेल तिथं जाळी नाहीतर पत्रा मारून घेतात. रेडिएटरपुढं जाळी, पोटाखाली जाड पत्रा, चेनच्या कडेला पट्टी, बूमच्या (पुढच्या लांब हाताच्या) बुडाशी रबर. हेतू चांगलाच असतो, दगड लागू नये, पाला आत जाऊ नये. पण सहा महिन्यांनी तोच पत्रा खोलून बघा, आत घमेल्यानं काढावी इतकी माती, वरून पाझरलेल्या ऑइलनं तिचा झालेला काळा लगदा, त्यात बाभळीचे काटे, गुटख्याच्या पुड्या, कॉटन वेस्टचे बोळे, आणि बोल्ट इतके धरलेले की गॅस कटरशिवाय निघत नाहीत. कचरा अडवायला लावलेल्या पत्र्यानंच कचरा धरून ठेवला, आणि तो काढायची वाट पण बंद केली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की माती आत जाणारच, मातीतच काम आहे, आपण बघायचं ते ती बाहेर कुठून पडणार आणि हेल्परचा हात तिथपर्यंत पोचतो का. कुठलीही जाळी, पत्रा, गार्ड लावायच्या आधी विचारा की हे एका माणसाला, एका पान्यानं, पाच-दहा मिनिटांत काढता-लावता येईल का. उत्तर नाही आलं तर ते लावू नका, न लावलेलं बरं. कारण जे उघडायला त्रास होतो ते कुणी उघडत नाही, ऑपरेटर कितीही चांगला असला तरी संध्याकाळी सहा वाजता तो बारा बोल्ट खोलणार नाही आणि त्यात त्याची चूक पण नाही.

आधी तुमची माती ओळखा

सगळीकडे एकच उपाय चालत नाही. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर पट्ट्यातली काळी माती कोरडी असली की भेगा पडतात आणि ओली झाली की चेनला, बकेटला अशी चिकटते की सोडत नाही. कोकणात, गोव्यात जांभ्याची लाल धूळ, ती बारीक असते, फिल्टरमध्ये आणि कूलरच्या पात्यांत जाऊन बसते आणि पावसाळ्यात तिचीच चिकट माती होते. घाटात आणि खडी क्रशरवर काळ्या दगडाची भुकटी, ती पिना-बुशला (सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी) खाते. उसाच्या भागात पाचट, आणि साखर कारखान्याच्या यार्डात लोडर चालवत असाल तर बगॅस (उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा), त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण तिथं नुसतं मशीन गरम होत नाही, पेटतं. आणि उन्हाळ्यात गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवारच्या कामावर मशीन गेलं (तलावातला गाळ काढून शेतात टाकायची ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली, एप्रिल-मे मध्ये निम्म्या तालुक्यातली पोकलेनं तलावातच असतात) तर वरचा गाळ कोरडा आणि खाली अर्धा मीटर गेलं की दलदल, म्हणजे एकाच दिवसात धूळ पण आणि चिखल पण. समृद्धी महामार्गासारखं ७०१ किलोमीटरचं काम असेल तर तेच मशीन विदर्भात काळ्या मातीत आणि इगतपुरीकडं दगडात. साईट बदलली की गार्डं पण बदलायला लागतात, हे कुणी करत नाही. एकदा लावलं की मशीन विकेपर्यंत तसंच.

रेडिएटर आणि कूलर

मशीन गरम व्हायला लागलं की पहिला फोन मेकॅनिकला जातो, तो थर्मोस्टॅट बघतो, पाण्याचा पंप बघतो, कूलंट बदलतो, आणि प्रत्यक्षात पन्नास वेळा कारण एकच असतं, कूलरच्या मधल्या फटीत भरलेला भुसा. बऱ्याच मशीनमध्ये एकामागं एक तीन-चार गोष्टी उभ्या असतात, एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, हायड्रॉलिक ऑइल कूलर, आणि रेडिएटर. बाहेरून पुढचं एकदम स्वच्छ दिसतं, बॅटरी मारून बघितलं तरी काही दिसत नाही, आणि दोघांच्या मधल्या बोटभर जागेत सगळं गच्च. म्हणून पहिलं काम, तुमच्या मशीनमध्ये कंडेन्सर किंवा कूलर बिजागरीवर बाहेर फिरतो का ते बघा, बऱ्याच नवीन मशीनमध्ये दोन बोल्ट काढले की तो दरवाजासारखा उघडतो आणि मालकाला तीन वर्षं हे माहीतच नसतं. जिथं कूलर शेजारी शेजारी लावलेले असतात ते मशीन साफ करायला सोपं, नवीन घेताना शोरूममध्ये दरवाजा उघडून हे नक्की बघा, मायलेज जेवढं विचारता तेवढंच महत्त्वाचं आहे हे.

हवा मारायची ती उलट बाजूनं. म्हणजे पंखा ज्या दिशेनं हवा ओढतो त्याच्या विरुद्ध दिशेनं, तेव्हाच भुसा आला त्या वाटेनं परत जातो, नाहीतर तुम्ही तो आणखी आत ठासताय. कुठून हवा आत येते ते कळत नसेल तर दरवाजे बंद करून, मशीन चालू ठेवून, बाहेरच्या जाळीवर पेपरचं पान धरा, चिकटलं तर ती आत येणारी बाजू. हात, सदरा, गळ्यातलं उपरणं पंख्यापासून लांब, आणि हवा मारताना इंजिन बंद, चावी खिशात. नोझल पात्यांना काटकोनात धरायचं, तिरकं धरलं तर ती अॅल्युमिनियमची पाती वाकतात आणि वाकलेली पाती म्हणजे बंद झालेली वाट. वाकली असतील तर फिन सरळ करायची कंगव्यासारखी पट्टी मिळते, स्वस्त असते, टूलबॉक्समध्ये ठेवा.

आता कचरा चिकटतोच का? कोरडी धूळ हवेनं निघते. पण ऑइलचा ओलावा असेल, कुठला होजचा जॉइंट घाम सोडत असेल, ब्रीदरमधून ऑइलची वाफ येत असेल, तर धूळ त्यावर बसते आणि तिचा थर होतो, मग हवा मारून उपयोग नाही. आधी लिकेज बंद करा, मग डिग्रीजर मारून थोडं भिजू द्या आणि कमी प्रेशरच्या पाण्यानं धुवा. लिकेज तसंच ठेवून दर आठवड्याला धुणारे लोक मी बरेच बघितलेत, ते आयुष्यभर धूतच राहतात.

जाळी लावायचीच असेल, आणि पाचट-बगॅसमध्ये लावायलाच लागते, तर ती अशी लावा:

जाळी रेडिएटरला चिकटवून नाही, बाहेरच्या दरवाजाच्या बाजूला, मध्ये हात जाईल एवढी जागा सोडून. कडेनं दोन सी चॅनेल लावायचे आणि जाळीची चौकट वरून सरकवायची, वर एक कडी किंवा हातानं फिरणारा नट. दोन चौकटी बनवून घ्या, एक भरली की ती ओढून काढायची, दुसरी सरकवायची, काढलेली जमिनीवर आपटली की साफ, काम थांबत नाही. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावू नका, ती लगेच भरते आणि मग पंखा आजूबाजूच्या फटीतून हवा ओढतो, जाळी असून नसल्यासारखी. आणि तेवढ्याचसाठी रेडिएटरच्या कडेचे फोम आणि रबरी पट्ट्या बघा, जुन्या मशीनमध्ये त्या गळून पडलेल्या असतात, मग हवा रेडिएटरमधून न जाता बाजूनं जाते आणि इंजिन खोलीतली गरम हवाच परत फिरत राहते. जाळी लावल्यावर दोन-तीन दिवस दुपारच्या वेळी टेंपरेचरचा काटा बघायचा, आधीपेक्षा वर जात असेल तर जाळी हवा अडवतेय, मोठ्या भोकाची लावा.

काही मशीनमध्ये उलटा फिरणारा पंखा येतो, बटण दाबलं की उलटी हवा मारून जाळीवरचं फेकून देतो. बगॅसमध्ये किंवा पाचटात काम कायम असेल तर त्याचे पैसे वसूल होतात, नुसतं मुरमात काम असेल तर मला तो खर्च पटत नाही.

वेल्डिंगचं एक सांगून ठेवतो, चॅनेल वेल्ड करायच्या आधी बॅटरी सोडवा, कंट्रोलरचे कनेक्टर काढा, अर्थिंग वेल्डच्या अगदी जवळ लावा. आणि केबिनच्या खांबांना वेल्डिंग करायचं नाही, मशीन पलटी झालं तर माणसाला वाचवायला तेवढेच खांब असतात. जिथं होईल तिथं वेल्ड करण्यापेक्षा आहे त्याच बोल्टवर क्लॅम्प मारा.

चेन आणि खालचा सगळा कारभार

चेनच्या मशीनच्या मेंटेनन्स खर्चातला निम्म्याच्या आसपास भाग खालच्या भागावरच जातो असं धरून चालतात, चेन, रोलर, आयडलर (पुढचं मोकळं फिरणारं चाक), स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातांचं चाक). आणि त्याच्या अकाली मरणाचं मोठं कारण म्हणजे ठासलेली माती. होतं काय की माती स्प्रॉकेटच्या दातांत आणि चेनच्या मध्ये भरते, चेन वर उचलली जाते, म्हणजे न कसताच ती टाईट होते, बुश आणि दात झपाट्यानं घासतात, फायनल ड्राइव्हवर (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरवर) लोड येतो आणि डिझेल वाढतं. रोलरभोवती माती ठासली की रोलर फिरतच नाही, चेन त्याच्यावरून नुसती घसरते, एका बाजूनं सपाट होतो. सील घासला की ऑइल गेलं, ऑइल गेलं की रोलर गेला. काळी माती ओली आहे तोवर खोऱ्यानं निघते, रात्रभर वाळली की चेनमध्ये काँक्रीट ओतल्यासारखी. म्हणून चिखलाचं काम असेल तर सफाई संध्याकाळी, सकाळी नाही. याच्यावर तडजोड करायची नाही.

कशी करायची ते सांगतो. पक्की, सपाट जागा बघून वरचा भाग चेनला आडवा फिरवा, बूम आणि आर्ममध्ये ९० ते ११० अंशाचा कोन ठेवून बकेटची गोल पाठ जमिनीवर टेकवा, हळू दाबून एका बाजूची चेन उचला. आता ती चेन पुढं-मागं फिरवा, बरीच माती आपोआप झडते. आसपास कुणी उभं राहायचं नाही, दगड उडतो. मग चेन थांबवून, मशीन पूर्ण खाली टेकवून, इंजिन बंद करून, लांब दांड्याच्या सपाट खोऱ्यानं रोलरच्या मधली, वरच्या रोलरभोवतीची आणि स्प्रॉकेटच्या मागची माती काढायची. उचललेल्या चेनखाली हात-पाय घालायचा नाही, बकेट घसरायला वेळ लागत नाही. दोन्ही बाजू मिळून सवय झाली की वीसेक मिनिटांचं काम आहे.

चेन गार्डची गंमत वेगळी. पूर्ण लांबीचे रॉक गार्ड दगडात चांगले, चेन उतरत नाही, रोलरला दगड लागत नाही. पण चिखलात तेच गार्ड मातीला भिंत देतात, आत गेलेली माती बाहेर पडायला जागाच नाही. गाळाच्या कामावर जाताना मधले गार्ड काढून पुढचे-मागचे ठेवलेले बरे, आणि परत दगडात आलं की लावायचे. बोल्टला अँटी-सीझ पेस्ट किंवा निदान ग्रीस लावून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी काढायला फिटरचा दिवस जाईल. चेन प्लेटमध्ये पण मध्ये भोक असलेल्या प्लेटा मिळतात, स्प्रॉकेटचा दात त्या भोकातून माती बाहेर ढकलतो. कायम काळ्या मातीत काम असेल तर पुढच्या वेळी प्लेट बदलताना विचार करा. आणि गरजेपेक्षा रुंद प्लेट घेऊ नका, दलदलीत तरंगायला बरी पण कडक जमिनीवर पिना-बुशला जड जाते.

चेन किती ढिली ठेवायची? चिखलात थोडी ढिली, कारण माती भरली की ती आपोआप ताणली जाते. दगडात पुस्तकात दिलीय तेवढी. इथं एक घोळ कायम होतो. कुठली कंपनी चेन उचलून खाली लोंबणारा भाग मोजते, कुठली चेन जमिनीवर ठेवून वरच्या बाजूला, आयडलर आणि वरच्या रोलरच्या मध्ये किती खाली वाकलीय ते मोजते. पहिल्या पद्धतीत आकडा शेकड्यात मिलिमीटर येऊ शकतो, दुसऱ्यात दहा-वीस-तीस. शेजारच्या ऑपरेटरनं त्याच्या मशीनचा आकडा सांगितला आणि तुम्ही तुमच्या पद्धतीनं मोजला तर चेन एकतर तुटेल नाहीतर उतरेल. आकडा आणि पद्धत दोन्ही एकाच पुस्तकातनं घ्या, आणि मोजायच्या आधी चेन साफ करा, माती भरलेल्या चेनचं माप खोटं येतं. ढिली करताना ग्रीसचा व्हॉल्व एका फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही आणि त्याच्या समोर तोंड न्यायचं नाही, आत भयंकर प्रेशर असतं, ग्रीस कातडीत घुसतं आणि व्हॉल्व गोळीसारखा सुटू शकतो. माणसं यात जखमी झालीत, मस्करीचा विषय नाही.

पाण्यात उतरायचं झालं तर साधारण वरच्या रोलरच्या मध्यापर्यंतच. त्याच्या वर गेलं की स्विंग गिअरमध्ये (वरचा भाग फिरवणाऱ्या गिअरमध्ये) पाणी आणि गाळ जायची भीती. गाळाच्या कामानंतर स्विंगच्या ग्रीसचं तपासणीचं झाकण खोलून बघा, ग्रीस दुधाळ पांढरं दिसलं तर पाणी गेलंय, ते काढून नवीन भरायचं. आणि दोन चेनच्या मध्ये, सेंटर जॉइंटच्या खाली, जिथं कुणी वाकून बघत नाही, तिथं दगड आणि माती साठून होज घासत असतात, आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन तिथं बघाच.

पोटाखालचा पत्रा, इंजिन खोली आणि आग

पोटाखालचा पत्रा काढून टाकू नका, उसाच्या, पऱ्हाटीच्या शेतात एक खुंट इंजिनच्या चेंबरला लागला की लाखाचं काम. पण तो उघडता आला पाहिजे. चांगला उपाय म्हणजे एका बाजूला मजबूत बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन बोल्ट, म्हणजे पत्रा पूर्ण खाली उतरवायला नको, लटकतो. पण लक्षात घ्या, तो पत्रा स्वतः जड असतो आणि वर साठलेली माती वेगळी, बोल्ट काढताना खाली झोपलेल्या माणसाच्या तोंडावर सगळं येतं. म्हणून साखळी किंवा जॅकचा आधार देऊन, बाजूला राहून सोडायचा. मशीन उंच केलं असेल तर नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणी खाली जायचं नाही, लाकडाचे ठोकळे लावा.

तुम्ही स्वतः जे जे गार्ड बनवून घेताय त्या सगळ्यांना एकाच मापाचे बोल्ट वापरा, समजा १९ नंबरचा पाना, आणि त्या बोल्टांच्या डोक्याला पिवळा रंग मारा. हेल्पर नवीन आला तरी त्याला कळतं की पिवळे खोलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. एवढीशी गोष्ट आहे पण सफाई होणं आणि न होणं याच्यावर ठरतं.

आता बगॅस आणि पाचट. सुकलेला बगॅस वाऱ्यानं उडतो, टर्बोवर, एक्झॉस्टवर, बॅटरीच्या कडेला, ट्रान्समिशनच्या वर जाऊन बसतो. टर्बो आणि मॅनिफोल्ड लोडवर काही शे अंशापर्यंत तापतात, त्यावर सुका भुसा, आणि कुठं एक ऑइलचा घाम आला की संपलं. यार्डात जळालेले लोडर बघितले असतील तुम्ही पण. तिथं दिवसातून एकदा साफ करून चालत नाही, प्रत्येक शिफ्टला, आणि जेवणाच्या सुट्टीत बोनेट उघडून एक नजर. टर्बोला आणि एक्झॉस्टला कंपनीचं उष्णतेचं कव्हर असतं ते फाटलं असेल तर बदला, तार बांधून काम भागवू नका. शिफ्ट संपल्यावर मशीन बगॅसच्या ढिगाला चिकटून लावायचं नाही, इंजिन बंद झाल्यावरसुद्धा थोडा वेळ तेवढंच गरम असतं. बॅटरीचा कटऑफ स्विच फिरवा. एबीसी पावडरचं अग्निशामक केबिनच्या बाहेर हाताला येईल असं बसवा, आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का ते बघा, बहुतेक मशीनवर ते नुसतं शोभेचं असतं. त्याच्या भरवशावर राहून आत शिरू मात्र नका, आग मोठी असेल तर माणूस आधी लांब.

२०२१ मध्ये लागू झालेल्या सीईव्ही स्टेज ४ च्या (धुराच्या प्रदूषणाच्या नियमाच्या) चाकाच्या मशीनमध्ये, जेसीबी-लोडर सगळेच आले त्यात, वायरिंग आणि सेन्सर जास्त आहेत, म्हणजे कचरा अडकायच्या जागा पण वाढल्या आणि पाणी मारून काम बिघडायच्या पण.

एअर फिल्टर

याच्यावर जास्त लिहीत नाही, फक्त जे रोज चुकतं तेवढं. फिल्टर सारखा सारखा उघडायचा नाही. इंडिकेटर लाल झाला किंवा स्क्रीनवर आलं की उघडायचा, कारण प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला जातेच. टायरवर आपटून फिल्टर साफ करणं बंद करा, कागद फाटतो नाहीतर कडेचं रबर वाकतं आणि धूळ थेट इंजिनात. बाहेरचा फिल्टर हवेनं साफ करायचा तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या वर नाही, मग आत बल्ब धरून बघा कुठं उजेडाचा टिपका दिसतो का. आतला छोटा फिल्टर कधीच साफ करायचा नाही, तो बदलायचाच. आणि खाली जो रबरी चोचीसारखा व्हॉल्व असतो तो रोज दाबायचा, धूळ खाली पडते, दोन सेकंदांचं काम. तो फाटला किंवा हरवला असेल तर आधी तो घ्या, तोच नसला तर फिल्टर वेळेआधी भरतो. क्रशरवर काम असेल तर वर प्री-क्लीनर (फिल्टरच्या आधीच जाड धूळ वेगळी करणारा) बसवून घ्या, सगळ्या जाळ्या-पत्र्यांमध्ये मला हा एकच खर्च कुठल्याही साईटवर पटतो.

धुताना

वॉशिंग सेंटरवर पोरगा एकच नोझल घेऊन सगळीकडं तेच प्रेशर मारतो. त्याला आधी सांगा, इंजिन थंड होऊ द्यायचं, तापलेल्या टर्बो-मॅनिफोल्डवर गार पाणी नको. अल्टरनेटर, स्टार्टर, कंट्रोलर, कनेक्टर यांना प्लास्टिकची पिशवी. रोलरच्या सीलवर, पिनांच्या कडेला, सिलिंडरच्या तोंडाशी जवळून फवारा मारायचा नाही, बाहेरची माती सीलच्या आत जाते आणि आपण समजतो मशीन चकाचक झालं. जाड चिखल आधी खोऱ्यानं, पाणी शेवटी. आणि धुतल्यावर लगेच सगळीकडं ग्रीस मारायचं, आत गेलेलं पाणी बाहेर येतं. धुवून तसंच रात्रभर लावलेलं मशीन न धुतलेल्यापेक्षा वाईट.

ग्रीसचं पण तसंच, ते नुसतं घासणं कमी करायला नाही, मातीला आत येऊ न द्यायला पण आहे. निप्पल आधी फडक्यानं पुसा, नाहीतर गननं आत वाळूच भरताय. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा, जास्तीचं पुसून टाका. जी निप्पलं कायम चिखलाखाली असतात त्यांना पाइप जोडून वर एका पट्टीवर आणता येतात, सगळी एका जागी. सोय चांगली आहे पण मध्ये पाइप दबला तर वरून ग्रीस मारतोय आणि खाली पोचतच नाही, म्हणून पिनेच्या कडेनं ग्रीस बाहेर येतंय का हे खाली वाकून बघायचंच.

जेसीबीवाल्यांसाठी एक वेगळं. मागचा साइडशिफ्ट, ज्याच्यावर बॅकहो डावी-उजवी सरकतो, त्या रुळांवर माती आणि खडी वाळून बसते, मग सरकवायला गेलं की अडकतं आणि ऑपरेटर पहार मारतो. तिथं रोज ब्रशनं झाडून घ्यायचं, आणि महिन्यातून दोनदा तरी पूर्ण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवायचं, गरज नसली तरी. लोडर आर्मच्या आतल्या बाजूला, पुढच्या एक्सलच्या वर जो खड्डा असतो तिथं पण हमखास माती साठते. केबिनमध्ये पॅडलखाली अडकलेला खडा सगळ्यात घातक, ब्रेक पूर्ण दाबला जात नाही, म्हणून पायपुसणं कडा उचललेलं घ्या आणि रोज बाहेर झटका. होजवर गुंडाळलेली प्लास्टिकची स्प्रिंगसारखी पट्टी पण मधूनमधून सरकवून बघा, तिच्या आत शिरलेली बारीक खडी आतल्या आत होज कापत असते आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं.

कोण करणार आणि कधी

हे सगळं वाचून मालक ऑपरेटरला सांगणार "रोज साफ करत जा रे", आणि काही होणार नाही. मीटर तासावर चालतं, ऑपरेटरचा भत्ता तासावर, मग सफाईचा वेळ कुणाच्या खिशातून जातो हे आधी ठरवा. संध्याकाळचा अर्धा तास पगारात धरा, कामवाल्याशी बोलतानाच सांगा की शेवटचा अर्धा तास मशीन चालणार नाही. साफ करायचं सामान मशीनवरच पाहिजे, लांब दांड्याचं खोरं, आखूड खरडणी, ब्रश, फडकी, पिवळ्या बोल्टाचा पाना, हे सगळं एका पेटीत. खोरं आणायला गावात जायला लागत असेल तर सफाई झाली म्हणून समजा.

हेल्परला एक गोष्ट शिकवा, साफ करताना ओलं दिसलं की बोटानं पुसून सांगायचं. मातीखाली लपलेलं लिकेज, सैल बोल्ट, तडा गेलेलं वेल्डिंग हे सगळं साफ करतानाच सापडतं, सर्व्हिसला नाही.

पावसाळ्यात मशीन उभं राहणार असेल, आणि जून ते सप्टेंबर बऱ्याच जणांचं राहतंच, तर लावायच्या आधी चेन पूर्ण साफ करून फळ्यांवर किंवा खडीच्या थरावर लावा, सिलिंडरचे रॉड होतील तेवढे आत घ्या, जे बाहेर राहतात त्यांना ग्रीसचा हात मारा. डिझेलची टाकी भरून ठेवा. बोनेटच्या आतला सगळा पालापाचोळा काढून टाका कारण त्यातच उंदीर घर करतात आणि मग वायरिंगला लागतात, सायलेन्सरच्या तोंडावर डबा उलटा ठेवा आणि त्याला लाल फडकं बांधा, चालू करताना काढायचा विसरू नये म्हणून. पंधरा दिवसांनी एकदा तरी कुणालातरी पाठवून बोनेट उघडून बघायला लावा आणि सगळ्या हालचाली करून परत लावायला सांगा.